मशीन कपाटात, माणूस धोक्यात

"बघा, कसा गाढ झोपलाय!" घोरणाऱ्या माणसाचं आपल्या घरांत असं कौतुक होतं. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल, माणूस गुदमरून दचकत असेल आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या घेत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. आपल्या वस्त्यांतले भाऊ तिथं रात्री गाड्या चालवतात. स्टिअरिंगवर एक डुलकी पुरते.

यावर सीपॅप मशीन आहे. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. पण उसनवारी करून आणलेलं मशीन महिन्याभरात कपाटात जातं. मग "हे लोक ऐकतच नाहीत" असं म्हणून मोकळं होणं आम्हाला मान्य नाही. नाक कोरडं पडतं, पट्टा गालाला रुततो, जळगावच्या मे महिन्यात मास्क नकोसा होतो, वीज जाते, पोरं हसतात. यात माणूस एकटा पडतो, म्हणून उपचार सुटतो.

हे मशीन चष्म्यासारखं आहे. लावलं तेवढा वेळच काम करतं, म्हणून रोज रात्रभर लावायचं. सुरुवातीला दिवसा जागेपणी अर्धा तास लावून सवय करा. मास्क रुतत असेल तर माप बदलून मागा, दाब सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद करू नका. मास्क रोज साध्या साबणानं धुवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात. वजन उतरवा, कुशीवर झोपा.

घरच्यांनो, हसू नका. सकाळी फक्त विचारा, "रात्री लावलं होतं ना?" भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. महिन्यानं डोकं हलकं झालं का, दुपारची पेंग कमी झाली का, ते स्वतः ताडून पाहा. उत्साह तिथूनच येतो.

आणि मशीन लिहून देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं पहिल्या महिन्यात रुग्णाला परत बोलावलंच पाहिजे. चिठ्ठी दिली म्हणजे उपचार झाला, असं होत नाही. ही मागणी आपण वस्तीवस्तीतून लावून धरू.