घरची बाग : मोगऱ्याचा जीर्णोद्धार

आमच्या सज्जात मोगऱ्याची एक जुनी कुंडी आहे. ती माझ्या कुटुंबाने लावलेली. ती निवर्तल्यावर या झाडास कोणी कात्री लावू नये, अशी मी सर्वांस सक्त ताकीद देऊन ठेविली होती. पाणी मात्र मी स्वतः नित्यनेमाने घालीत असे. तीन वर्षांत फांद्या लांबट व उघड्या पडल्या, पाने पिवळी झाली आणि गेल्या उन्हाळ्यात तर अवघी चार फुले आली. आठवण जपण्याच्या भरात मी झाडाचीच हेळसांड केली, हे सांगताना संकोच वाटतो. परंतु ही चूक इतर घरांतही होत असेल, म्हणून सांगतो.

यंदा माघात एके दिवशी सूनबाई भीत भीत म्हणाली, "मामंजी, घातलेले पाणी क्षणात खालून निघून जाते. आत मुळांखेरीज काही उरले नसावे. सासूबाई तर दर माघात त्याची छाटणी करीत असत." मी आयुष्यभर शाळेत, मला याचा पत्ताही नव्हता! मी निरुत्तर झालो आणि कात्री आणविली.

प्रथम झाड जिवंत आहे की नाही, ते पाहावे. फांदीची साल नखाने किंचित खरवडली असता आत हिरवा रंग दिसला, तर आशा आहे. आदल्या दिवशी पाणी घालून दुसऱ्या दिवशी आम्ही कुंडी आडवी केली व तिच्या कडा ठोकून झाड मातीच्या गड्ड्यासह बाहेर काढिले. मुळे तळाशी गोल गोल गुंडाळून त्यांची चुंबळच झाली होती. पाणी कडेने वाहून जाई आणि मधली माती कोरडीच राही, त्याचे कारण हेच. बाहेरील सुमारे तिसरा हिस्सा मुळे धारदार सुरीने कापून टाकिली.

मुळे कापली म्हणजे फांद्याही कापल्याच पाहिजेत. उरलेली थोडी मुळे पूर्वीइतक्या पानांस पाणी पुरवू शकत नाहीत. मग झाड सुकते. म्हणून वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्या आणि बाकीच्या वीतभर ठेवून डोळ्याच्या किंचित वर तिरप्या छाटाव्या. यात दुसराही लाभ आहे : मोगऱ्यास फुले येतात ती नव्या फुटीवर. जुनी फांदी राखणे म्हणजे फुलास मुकणे होय.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी घ्यावी. फार मोठीत माती ओली राहून मुळे कुजतात. तळाच्या छिद्रावर खापरी ठेवावी. बागेतील माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग व वाळू एक भाग, असे मिश्रण आम्ही घेतले. झाड पूर्वीइतक्याच खोलीवर लावून एकदा भरपूर पाणी घातले व आठ-दहा दिवस सावलीत ठेविले. पुढे वरची माती सुकल्यावाचून पाणी घालावयाचे नाही आणि महिनाभर वरखत द्यावयाचे नाही, असा नियम केला. आजाऱ्यास पक्वान्न वाढू नये, तसेच हे. नंतर मात्र त्यास निदान पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीत पाने येतील, फुले येणार नाहीत.

ते बोडके खुंट पाहून पहिले पंधरा दिवस मला अन्न गोड लागेना. विसाव्या दिवशी एका डोळ्यातून तांबूस-हिरवा कोंब डोकावला. वैशाखात रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या निघू लागल्या. पहिली ओंजळ देवापुढे ठेविली. दुसरीचा गजरा सूनबाईने माळावा, असे मीच सांगितले.

पुढील माघातील छाटणीची खूण नवे पंचांग येताच त्यात करावयाची आहे. कात्री मात्र आता सूनबाईच्या स्वाधीन आहे.