बटणं बोटांना कळायला हवीत

मी पेणचा, पूर्ण अंध. रोह्याला लेकीकडे जाताना गाडीत बोलकं पुस्तक ऐकतो. कासू, नागोठणं कधी मागे पडतं कळत नाही. पण फोनच्या गुळगुळीत काचेवर नेमका धडा शोधताना जीव मेटाकुटीला येतो. आम्हाला खिशात मावणारं स्वतंत्र यंत्र हवं. बटणं उठावदार, सूचना मराठीत, आणि काल डोळा लागला त्याच वाक्यापासून आज सुरू होणारं. डेझी पद्धतीच्या पुस्तकात धड्यावरून धड्यावर, हव्या त्या पानावर जाता येतं. ती सोय तर हवीच. कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीने आमच्यासाठी अशी पुस्तकं बनवण्यातली अडचण सुटली, 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे अशा पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. अडलंय ते यंत्रापाशी. पेण आणि रोहा-अष्टमी नगरपरिषदांनी दिव्यांगांसाठीच्या 5 टक्के निधीतून ही यंत्रं घेऊन वाचनालयात ठेवावीत.