नकाशावरची निळी रेघ आणि नळाचे पाणी

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. त्यातील बरेचसे सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यातले होते आणि संशय पाण्यावर होता. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडल्याने तो बळावला. अशा वेळी रुग्ण कुठे राहतो एवढे कळून भागत नाही. त्याच्या घरी पाणी कुठून येते, नळाचे, विहिरीचे, टँकरचे की जारचे, हे कळावे लागते. शेजारशेजारच्या दोन इमारतींत या प्रश्नाची उत्तरे वेगळी असू शकतात.

लंडनमध्ये १८५४च्या कॉलऱ्याच्या साथीत जॉन स्नो या डॉक्टरपुढे हीच अडचण होती. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे त्याचे ठिपके प्रसिद्ध आहेत, पण दक्षिण लंडनमध्ये नुसते ठिपके कामाचे नव्हते. तिथे एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी थेम्सच्या घाण पाण्यावर चाले, तर दुसरीने पाणी उचलण्याची जागा नदीच्या वरच्या अंगाला हलवली होती. स्नोने घरोघर जाऊन कंपनीचे नाव विचारले. लोकांना ते ठाऊक नसेल तिथे सिल्व्हर नायट्रेट टाकून पाण्यातील क्षार तपासले. घाण पाण्याच्या कंपनीकडे दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू आणि दुसरीकडे ३७, असा हिशेब निघाला. नकाशावरच्या ठिपक्याला ‘पाणी कोणाचे’ ही माहिती चिकटवली, तेव्हा तो बोलू लागला.

नकाशाच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये या चिकटवलेल्या माहितीला ‘गुणधर्म’ म्हणतात. भारतात रस्ते, रेल्वे, वीज, पाणी अशा प्रकल्पांची माहिती एकाच पडद्यावर आणणारा पंतप्रधान गतिशक्ती आराखडा ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवत असलेला ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून आहे. दोन्हींच्या मुळाशी कल्पना एकच, अनेकांनी मिळून एक नकाशा भरायचा. प्रत्येक खात्याची माहिती पारदर्शक कागदासारखा एक ‘थर’ असते. जलवाहिनीचा थर, सांडपाण्याचा थर, केबलचा थर एकावर एक ठेवले की कोण कोणाला छेदते ते दिसते. दिसते ते खरे असेलच, असे मात्र नाही.

जलवाहिनीची निळी रेघच घ्या. ती मंजूर झालेली आहे, खोदकाम चालू असलेली आहे, पुरलेली आहे की तिच्यातून खरोखर पाणी वाहते आहे? ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रस्तावित आणि बांधकाम चालू असलेल्या रस्त्यांसाठी वेगळ्या खुणा आहेत. प्रकल्पांच्या नकाशात ही ‘स्थिती’ नोंदवलीच नाही, किंवा वर्षानुवर्षे बदलली नाही, तर कागदावरची वाहिनी आणि जमिनीतली वाहिनी सारख्याच निळ्या दिसतात. सादरीकरणात ते छान दिसते. साथीच्या वेळी तीच रेघ तपासणी पथकाला चुकीच्या गल्लीत पाठवते.

दुसरा शब्द ‘अचूकता’. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, उंच इमारतींच्या दाटीत त्याहून वाईट. सहा मीटर रुंदीच्या गल्लीत एवढी चूक झाली तर वाहिनी डावीकडे की उजवीकडे तेच ठरत नाही. शिवाय अक्षांशाचा आकडा दशांशाच्या तीन स्थळांपर्यंतच लिहिला, तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो. पाच स्थळांपर्यंत लिहिला तर तो मीटरभरावर येतो. पण पाच स्थळे लिहिल्याने मोजणी अचूक होत नाही, ती फक्त अचूक दिसते.

हे मीटर आरोग्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच येते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतील दाब उतरतो आणि गळतीच्या भोकांतून भोवतीचे पाणी आत ओढले जाते. तिथेच गटार झिरपत असेल, तर पुढच्या पाळीत ते घराघरांत पोहोचते. म्हणून दोन थर नेमके कुठे छेदतात हे जाणून घ्यायचे असते. खोदकामाआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणले. अशा समन्वयाशिवाय खोदल्याने केबलसारख्या मालमत्तेचे वर्षाला सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारने सांगितले. फुटलेल्या जलवाहिनीमुळे होणारे आजार या हिशेबात नाहीत.

मग विश्वास कशावर ठेवायचा? त्यासाठी ‘मेटाडेटा’ असतो, म्हणजे माहितीबद्दलची माहिती: रेघ कोणी काढली, केव्हा, कशावरून. त्याच्या जोडीला ‘आवृत्ती-इतिहास’. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक बदलामागे खाते आणि वेळ नोंदली जाते, जुनी आवृत्तीही पाहता येते. कार्यालयांत मात्र जुन्या फाइलवरच नवी फाइल चढवण्याची सवय आहे. जुनी रेघ पुसली जाते आणि वाहिनी कधी हलवली हे सांगणारा अभियंताही बदलून गेलेला असतो.

जलवाहिन्यांचे बारीकसारीक नकाशे सुरक्षेच्या कारणाने सर्वांना खुले करता येत नाहीत, हा युक्तिवाद चुकीचा नाही. मात्र एखादा थर शेवटचा केव्हा तपासला आणि प्रत्यक्ष मोजून की जुन्या कागदावरून घेतला, एवढे जाहीर करण्यात सुरक्षेला कसला धोका? ही तारीख नसलेला नकाशा नागरिकांनी फार मनावर घेऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित शब्द ‘जोडणी’. रुग्णालयाकडे रुग्णाचा पत्ता असतो, कर विभागाकडे मिळकत क्रमांक, पाणी खात्याकडे नळजोडणी क्रमांक. सॉफ्टवेअर हे तिन्ही एका क्षणात एकत्र आणू शकते, पण तिन्हींत समान असा एक क्रमांक हवा. जमिनीच्या तुकड्यांना चौदा अंकाक्षरी भू-आधार क्रमांक दिला जात आहे. त्याला नळजोडणी जोडली गेली नाही, तर पुढच्या साथीतही कर्मचाऱ्यांना वही घेऊन दारोदार विचारतच फिरावे लागेल.