घड्याळ पळवावे, की उष्णता काढावी?

गेल्या मे महिन्यात दोन दिवस जामसरला मावसबहिणीकडे होतो. जव्हारच्या डोंगरात गाव असले, तरी मेच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. भाचा मात्र ठाण मांडून बसला होता. बाजेवर गोधडी, गोधडीवर लॅपटॉप! बारावीनंतर त्याला ॲनिमेशन शिकायचे आहे, म्हणून घरच्यांनी पैसे साठवून एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला आहे. घरात संगणक तेवढा एकच. धाकट्या बहिणीचा अभ्यासही त्यावरच चालतो. मला पाहताच त्याने विचारले, “मामा, ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केले तर चालेल का? मित्र म्हणतो, फुकटात वेग वाढतो.”

हा प्रश्न तुमच्यापैकीही अनेकांना पडला असेल. वर्गात विचारलात, तर “नसत्या उचापती करू नका” असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. मला मात्र हा चांगला भौतिकशास्त्राचा प्रश्न वाटतो.

तारपानाच तुम्ही पाहिला असेल. तारपा वाजवणाऱ्याच्या लयीवर सगळ्या साखळीचे पाय एकदम पडतात. चिपमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टरही असेच एका ठोक्यावर चालतात. ग्राफिक्स कार्डाची वारंवारता १.५ गिगाहर्ट्झ असेल, तर हा ठोका सेकंदाला १५० कोटी वेळा पडतो. तो १६५ कोटींवर नेणे, म्हणजेच कारखान्याने ठरवलेल्या लयीपेक्षा जलद वाजवणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

लय वाढली की पाय चुकू लागतात. ते चुकू नयेत म्हणून विद्युतदाब वाढवावा लागतो, आणि खरी गोम इथेच आहे. चिपचा वीजवापर वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो, पण विद्युतदाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, वारंवारता १० टक्के आणि दाब ५ टक्के वाढवला. आता गुणाकार करा: १.१ × १.०५ × १.०५, म्हणजे सुमारे १.२१. वेग फार तर १० टक्के वाढणार, उष्णता २१ टक्के! सेकंदाला ४० चित्रे दिसत होती तिथे ४४ दिसतील, तीही स्मृतीने आणि मुख्य प्रोसेसरने तितकीच साथ दिली तर. डोळ्यांना हा फरक कळेल का, ते तुम्हीच सांगा.

टेबलावरच्या मोठ्या संगणकात ही जादा उष्णता काढायला मोठे पंखे, जाड पंखपट्ट्या आणि भरपूर मोकळी जागा असते. लॅपटॉपमध्ये चपटी तांब्याची नळी आणि तळहाताएवढे पंखे, एवढाच संसार. शिवाय उष्णता वाहते ती तापमानातील फरकामुळे. खोलीत २५ अंश सेल्सिअस असताना चिप ८५ अंशांवर स्थिरावत असेल, तर तेवढेच काम करताना ३७ अंशांच्या खोलीत ती साधारण ९७ वर जाईल. तिथवर जाण्याआधीच बहुतेक चिपा आपण होऊन वेग कमी करतात. एका हाताने वाढवलेला वेग यंत्र दुसऱ्या हाताने काढून घेते. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की ग्राफिक्स कार्ड तसेही मंदावते, हे आणखी वेगळे.

मग यात धोका आहे का? खरे सांगायचे, तर नुसत्या सॉफ्टवेअरमधून थोडी वारंवारता वाढवल्याने आजचे कार्ड सहसा जळत नाही. अनेक लॅपटॉपांत दाब व वीजवापर यांवर कंपनीने मर्यादा घातलेली असते. फार झाले तर यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते. हानी होते ती हळूहळू. उष्णता आणि प्रवाहाची घनता वाढली की चिपमधील तारांतले धातूचे अणू जागेवरून सरकू लागतात. तापमानाबरोबर हे कसे झपाट्याने वाढते, याचे सूत्र ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९६९ साली मांडले. जवळच बसवलेली लिथियमची बॅटरीही उष्णतेने लवकर म्हातारी होते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ३० अंशांत १२ टक्के. जानेवारीच्या रात्री तपासून ‘ठीक’ ठरलेला वेग मेच्या दुपारी चुकू शकतो. कारखान्याने वेगात थोडी सूट राखलेली असते, ती याचसाठी. खेळात एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर कोणाला कळतही नाही. पण नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिचे संकेत एकत्र करण्याच्या कामातही ग्राफिक्स कार्डे वापरली जातात. तिथे चुकीचा आकडा म्हणजे चुकीचे आकाश!

वेग हवा असेल, तर ठोकाच वाढवावा लागतो असे मुळीच नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक केला, तो ६४ प्रक्रियकांत काम वाटून. पुण्यातच आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये तर चिपांची उष्णता काढायला थेट द्रव खेळवला आहे. मोठ्या यंत्रांचे जाणकारही आधी उष्णतेची सोय पाहतात, ते उगाच नव्हे.

भाच्याला मी नाही म्हटले नाही. “आधी मोजू,” म्हटले. तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतेच. गोधडीने लॅपटॉपच्या खालची हवेची भोके पूर्ण झाकली होती. ती काढून लॅपटॉप पाटावर ठेवला, मागच्या बाजूला दोन आगपेट्या लावल्या, आणि यंत्र बंद करून मऊ कुंचल्याने धूळ झाडली. तेच चित्र पुन्हा तयार करायला लावले, तर तापमान आठ-नऊ अंशांनी उतरले आणि काम आधीपेक्षा लवकर झाले, कारण आता यंत्राला मध्येच दम खावा लागत नव्हता. खर्च शून्य. (आगपेट्या मात्र संध्याकाळी चुलीपाशी परत न्याव्या लागल्या, तेव्हा लाकडाच्या ठोकळ्यांची सोय करावी हे बरे.)

ओव्हरक्लॉकिंगच्या उलटाही एक प्रयोग आहे. वारंवारता तीच ठेवून विद्युतदाब थोडा थोडा कमी करत जायचा. तो १० टक्क्यांनी उतरला, तर उष्णता ०.९ × ०.९, म्हणजे ०.८१ पटीवर येते. फार उतरवला तर यंत्र अडखळते, मग एक पायरी मागे यायचे. सगळ्याच लॅपटॉपांत ही सोय नसते, पण जिथे असते तिथे मी तरी हाच मार्ग धरीन. शिक्षकांनी शाळेच्या संगणकावर आधी नुसते तापमान आणि वेग यांचे आलेख काढून घ्यावेत; वर्गाचा एक तास सहज रंगेल.

भाच्याने एक वही घातली आहे. डावीकडे खोलीचे तापमान, मध्ये चिपचे, उजवीकडे चित्र पुरे व्हायला लागलेला वेळ. मेचे आकडे भरून झाले आहेत, जानेवारीचे रकाने अजून रिकामे आहेत.