'हाताला चव' आणि इडलीचे पीठ

दाक्षिणात्य न्याहारीविषयी बोलताना 'पारंपरिक' हे विशेषण आपण फार सैलपणे वापरतो. परंपरा म्हणजे घटकांची कधीही न बदललेली यादी, असे त्यात गृहीत असते. ग्रंथांतला पुरावा मात्र वेगळे सांगतो. 'वड्डाराधने' या कन्नड गद्यग्रंथात (सुमारे इ. स. ९२०) 'इड्डलिगे' हा शब्द येतो. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त (सुमारे ११३०) 'इडरिका' आहे, पण ती केवळ उडदाची. आजच्या इडलीची तीन लक्षणे, म्हणजे तांदूळ, दीर्घकाळ आंबवणे आणि वाफवणे, या जुन्या वर्णनांत आढळत नाहीत, असे अन्नेतिहासकार के. टी. अचया यांनी नोंदवले आहे. शब्द हजार वर्षे टिकला, पदार्थ मात्र बदलत गेला. भाषेच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये.

मग परंपरा नेमकी कशात आहे? माझ्या मते ती पिठाची पारख करण्यात आहे. साधारण चार वाट्या उकड्या तांदळाला एक वाटी उडीद आणि थोडी मेथी. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे. उडीद गुळगुळीत व हलका वाटायचा, तांदूळ किंचित रवाळ ठेवायचा. इथवरचे लिहिता येते. पुढचे पाहावे लागते. उडदाच्या पिठाचा थेंब पाण्यावर तरंगला तर वाटण जमले. चेन्नईच्या उन्हाळ्यात काही तासांत फुगणाऱ्या पिठाला बंगळूरच्या डिसेंबरात एक रात्रही अपुरी पडू शकते. आंबवणारे जिवाणू बाहेरून घालावे लागत नाहीत, ते धान्याबरोबरच येतात. त्यांनी सोडलेला वायू उडदाचा चिकटपणा धरून ठेवतो. पीठ ताजे असताना इडली, आंबटपणा वाढला की डोसा, आणखी वाढला की उत्तप्पा किंवा पणियारम. संहिता एकच, पण तिचा अन्वय रोज नव्याने लावावा लागतो.

ही पारख ज्यांच्याजवळ असते त्यांना मात्र आपण जाणकार म्हणत नाही. मराठीत 'तिच्या हाताला चव आहे' म्हणतो. तमिळमध्ये 'कैमणम्', म्हणजे हाताचा सुगंध, असा शब्द आहे. गौरवाच्या या भाषेत एक अन्याय दडलेला आहे. निरीक्षण, स्मरण, निर्णय यांतून वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य ती निसर्गदत्त ठरवते. देणगीला श्रमाचे मोल द्यावे लागत नाही. आणि ती देणगीच असेल तर घरातल्या पुरुषांना शिकण्याचे कारणही उरत नाही.

एस. मीनाक्षी अम्माळ यांचे 'समैत्तुप् पार्' हे तमिळ पुस्तक १९५१ साली निघाले. शीर्षकाचा अर्थच 'शिजवून पाहा' असा आहे. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले. हातातली विद्या शब्दांत आणता येते आणि दुसऱ्याला शिकवता येते, हे या दोघींनी दाखवून दिले. सूचनापर गद्याचा विचार करताना या पुस्तकांना वगळून चालणार नाही.

विकतच्या तयार पिठाने परंपरा बुडाली, ही तक्रार मला पटत नाही. ती करणाऱ्यांनी दगडी रगडा क्वचितच फिरवलेला असतो. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरने ते श्रम हलके केले, म्हणून इडली कमी पारंपरिक झाली नाही. पिशवीतले पीठही कुणाची तरी सकाळ सोपी करते. चिंता वेगळी आहे. पीठ आंबले की नाही हे घरात एकाच व्यक्तीला कळत असेल, तर ती विद्या तिच्याबरोबर संपेल. परंपरेचा एवढा अभिमान असेल, तर रात्री डाळ भिजत घालण्याची आणि सकाळी पिठाचा वास घेऊन पाहण्याची पाळी घरातल्या प्रत्येकावर यावी. 'हाताला चव' हा मग एकीचाच गुण उरणार नाही.