त्याला हरलेला म्हणावे काय?



7 डिसेंबर 2025 रोजी अबू धाबी येथील शर्यत संपली आणि लँडो नॉरिस हा इंग्रज तरुण मोटारशर्यतींचा जगज्जेता ठरला. वर्षभराच्या धावपळीनंतर दुसऱ्या क्रमांकावरील मॅक्स व्हर्स्टॅपेनपेक्षा त्याचे गुण अवघे दोन अधिक होते. आपल्यापैकी ज्यांना या खेळाचा नाद आहे, त्यांनी ती शर्यत पाहिली असेल. परंतु मला आज नॉरिसविषयी लिहावयाचे नाही. 2017 साली हा नॉरिस युरोपातील फॉर्म्युला थ्री स्पर्धेत 'कार्लिन' नावाच्या इंग्रज संघाकडून धावत होता. त्याच संघात, तशीच गाडी घेऊन, मुंबईचा एक मुलगाही धावत होता. त्याचे नाव जेहान दारूवाला. त्या वर्षी नॉरिस त्या स्पर्धेचा विजेता झाला आणि आठ वर्षांनी जगज्जेता. दारूवालाचे नाव मात्र आपल्या पांढुर्ण्यात दहा जणांना विचारले, तर नऊ जण नकारार्थी मान हलवतील. दहावा म्हणेल, "हो, तो पारशी मुलगा ना? त्याचे काही जमले नाही."

हे "जमले नाही" आपल्या तोंडी इतके सहज येते की, त्याचा अर्थ काय, याचा आपण विचारच करीत नाही. तो करून पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

जेहानचा जन्म 1 ऑक्टोबर 1998 रोजी मुंबईत झाला. 2011 साली 'फोर्स इंडिया' या संघाने 'शंभर कोटींतून एक' अशा अर्थाच्या नावाची एक निवड चाचणी घेतली. छोट्या, उघड्या, जमिनीलगत धावणाऱ्या 'कार्ट' नावाच्या गाड्या देशभरातील मुलांना चालवावयास देऊन त्यांतून मोजकी मुले वेचली गेली. त्यांत बारा-तेरा वर्षांचा जेहान होता. जे वय आपल्याकडे सातवी-आठवीचे, त्या वयात या मुलाचा परदेशात सराव सुरू झाला. घर मुंबईत, शर्यती इंग्लंड-इटलीत, अभ्यास मिळेल त्या फावल्या वेळात. पुढे तो 'फॉर्म्युला रेनॉ' या पायरीवर आला. 2016 च्या आरंभी न्यूझीलंडमध्ये झालेल्या मालिकेत तो दुसरा आला. पहिला होता तोच नॉरिस. दुसऱ्या वर्षी, म्हणजे 2017 मध्ये, तेथील मानाची 'न्यूझीलंड ग्रां प्री' जेहानने जिंकली.

यापुढील पायऱ्या थोडक्यात सांगतो. 2019 साली फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत तो इटलीच्या 'प्रेमा' संघाकडून धावला आणि तिसरा आला. 2020 ते 2023 अशी चार वर्षे त्याने फॉर्म्युला टूमध्ये काढली. डिसेंबर 2020 मध्ये बहारीनमधील साखीर येथे त्याने या मालिकेतील शर्यत जिंकली. असे करणारा तो पहिला भारतीय. इटलीतील मोंझाच्या विख्यात मार्गावर तो 2021 साली जिंकला, आणि 2022 साली तर तेथील मुख्य शर्यतच त्याने मारली. 'रेड बुल' या बलाढ्य संघाने 2020 पासून तीन वर्षे त्याला आपल्या शिकाऊ चालकांत ठेवले होते. जून 2022 मध्ये 'मॅक्लारेन' संघाने इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे त्याला आपली आदल्या वर्षीची फॉर्म्युला वन गाडी चालवून पाहण्यास दिली. दार उघडले होते, उंबऱ्याला पाऊल लागले होते. आत मात्र तो गेला नाही.

आत जाणे किती अवघड, हे आकड्यांनीच कळेल. 2025 पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये दहा संघ व प्रत्येकी दोन गाड्या, म्हणजे साऱ्या पृथ्वीवर वीस जागा होत्या. 2026 पासून 'कॅडिलॅक' हा अमेरिकन संघ आल्याने त्या बावीस झाल्या. त्या दरवर्षी रिकाम्या होतात असेही नव्हे. एखादा चालक चाळिशी गाठेपर्यंत बसलेला असतो. आजवर आपल्या देशाचे दोघेच तेथे शर्यतीत उतरले: 2005 साली नारायण कार्तिकेयन आणि 2010 साली करुण चंढोक.

येथे कोणी म्हणेल, हा सारा नशिबाचा खेळ. मला ते पटत नाही. 2020 साली कार्लिन संघात जेहानचा जोडीदार जपानचा युकी त्सुनोदा होता. दोघेही रेड बुलचेच शिकाऊ. वर्षाअखेर त्सुनोदा तिसरा आला, जेहान बारावा. आणि पुढच्याच वर्षी त्सुनोदाला फॉर्म्युला वनची जागा मिळाली. त्या वर्षी तो अधिक वेगवान होता, हे जेहानच्या चाहत्यांनीही मान्य करावे. तेव्हा "अन्याय झाला" अशी ओरड मी करणार नाही. तो मागे पडला हे खरे. पण कशात मागे पडला, कोणाच्या मागे पडला आणि तेथवर कसा पोहोचला, हे न विचारता आपण जो शिक्का मारतो, त्याला माझा विरोध आहे. 2019 साली जेहान ज्या स्पर्धेत तिसरा आला, तिचा विजेता होता रॉबर्ट श्वार्ट्झमन. त्यालाही फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कायमची जागा मिळाली नाही! तो अमेरिकेत गेला आणि 2025 साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत सर्वांच्या पुढचे स्थान घेऊन उभा राहिला. पहिला आलेल्याची ही कथा. मग तिसऱ्याचे काय घेऊन बसलात?

आपल्याकडे शंकरपट पाहिलेली माणसे पुष्कळ. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या. 2023 च्या मे महिन्यातील निकालाने त्यांना कायद्याचा आधार मिळाला. पटावर जोडी सुटते आणि काही सेकंदांत दाण शेवटास लागते. पाहणाऱ्याला ते सेकंद दिसतात. वर्षभर पहाटे उठून ज्याने त्या बैलांना खुराक दिला, त्यांचे खूर पाहिले, धुरकऱ्याचा हात त्यांच्या ओळखीचा केला, तो गर्दीत कोठेतरी मागे उभा असतो. मोटारशर्यतीतही नेमके हेच आहे. आपल्याला दिसतो तो वेग. न दिसणारी गोष्ट अशी की, त्या गाडीत वळणावर चालकाच्या मानेवर त्याच्या डोक्याच्या आणि शिरस्त्राणाच्या वजनाच्या चौपट भार येतो. डोके व शिरस्त्राण मिळून सात किलो धरले, तरी तो भार अठ्ठावीस किलोंचा झाला. संत्र्यांचे भरलेले कॅरेट एका बाजूने मानेला ओढत आहे अशी कल्पना करा; आणि हे प्रत्येक वळणावर, पाऊण तास ते तासभर, भट्टीसारख्या उष्म्यात. शिवाय टायर झिजतात. जो पहिल्या दहा मिनिटांत सारा जोर लावतो, त्याचे टायर शेवटी साथ सोडतात आणि मागचे एकेक करून पुढे निघून जातात. म्हणजे या वेगाच्या खेळात अर्धी विद्या हात आवरण्याची आहे! नागपूर-बैतूल महामार्गावर मोटारसायकली उधळणाऱ्या आपल्या काही शूरांना हे अर्धे ठाऊक नसते. धाडसाची आपल्या गावाला वाण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात ते दरवर्षी, माझ्या मते नको तितके, दिसते.

माझे मूळ गाव गोव्याकडचे. तिकडे भाड्याने मोटारसायकल चालवून उतारूंना पोहोचवणाऱ्याला 'पायलट' म्हणतात. मला त्या माणसांविषयी फार आदर वाटतो. पावसाळ्यातील निसरड्या चढणीवर मागे अनोळखी माणूस बसवून रोज घरी सुखरूप परतणे, हेही वाहन चालवण्याचे कौशल्यच होय. त्याला करंडक मिळत नाही, इतकेच.

आता पैशाचे बोलू. कारण पालकमंडळींच्या मनात तोच प्रश्न असणार, आणि तो योग्य आहे. हा खेळ श्रीमंतांचा आहे. जेहानचे वडील खुर्शेद दारूवाला हे मोठे उद्योजक. नॉरिसचे वडीलही धनवान. फॉर्म्युला टूमध्ये एक हंगाम धावावयाचे तर खर्च कोटींच्या घरात जातो आणि त्यातील बराचसा चालकालाच उभा करावा लागतो. लुईस हॅमिल्टनचे वडील मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी दोन-तीन नोकऱ्या करीत, हे खरे. परंतु पुढे मॅक्लारेन संघाने मुलाला लहानपणीच हाताशी धरले म्हणून ती गाडी पुढे गेली. महाराष्ट्रात कोल्हापूरने या खेळाची हौस जोपासली. तेथील कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. पुण्याच्या डायना पुंडोले या व्यवसायाने शिक्षिका. 2024 साली मद्रासच्या मार्गावर मोटारशर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. हे वाचून आमच्या वर्गातील मुलींच्या डोळ्यांत चमक आली तर मला आनंदच होईल. तथापि, संत्र्याच्या बागेवर कर्ज काढून मुलाला कार्ट घेऊन द्या, असा सल्ला मी कोणाही बापाला देणार नाही. दारूवालाला जागा हुकली तरी त्याच्या घरची चूल विझणार नव्हती. आपल्या मुलांचे तसे नाही.

आणि म्हणूनच मला त्याची कथा येथे, या गावात, सांगावीशी वाटली. पहाटे महामार्गाच्या कडेने सैन्याच्या व पोलिसांच्या भरतीसाठी धावणारी आपली मुले मी रोज पाहतो. धुक्यात त्यांच्या बुटांचा आवाज आधी येतो, मुले मागून दिसतात. नागपूरला खोली घेऊन वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलीही आपल्याच. 2024 साली त्या परीक्षेला देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. शासकीय व खासगी मिळून एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. या मुलांपैकी बहुतेकांची जागा हुकणार, हे गणित चौथीच्या मुलालाही सुटेल. ती हुकली, वयाची मर्यादा उलटली, की मुलगा घरी येतो आणि ओटीवर बसलेले चारचौघे म्हणतात, "तीन वर्षे वाया घालवली." जेहानच्या मागे निदान पैसा होता, या मुलाच्या मागे केवळ हे एक वाक्य उभे असते. काही मुले ते वाक्य सोसतात. काहींना ते सोसत नाही, आणि मग काय घडते, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो.

वाया काय गेले? जो मुलगा तीन वर्षे पहाटे चारला उठला, त्याला उठता येते. जिने शरीरशास्त्राचे दोन जाड ग्रंथ पाठ केले, तिच्या घरात कोणी आजारी पडले तर डॉक्टर काय म्हणतो, हे तिला समजते. या गोष्टींना किंमत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी ती किंमत कधी मोजून पाहिलेली नाही. फॉर्म्युला वन हुकल्यावर जेहान विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत गेला. आधी राखीव चालक म्हणून थांबला, आणि 2024 च्या हंगामात 'मासेराती'च्या गाडीत बसला. फेब्रुवारी 2023 मध्ये हैदराबादला ही शर्यत भरली तेव्हा तो राखीव होता. 2024 साली त्याला गाडी मिळाली तेव्हा हैदराबादची शर्यतच रद्द झाली. आपल्या लोकांसमोर धावण्याची संधी अशी गेली. त्या हंगामानंतर त्याची ती जागाही राहिली नाही. तरीही मोंझाच्या विजेत्यांत त्याचे नाव आहे, आणि न्यूझीलंड ग्रां प्रीच्या यादीत 2016 पुढे नॉरिस व 2017 पुढे दारूवाला, अशी दोन नावे एकाखाली एक आहेत. ती कोणी खोडणार नाही.

आपल्या वार्षिकांकात गुणवंतांची छायाचित्रे छापतात; ती छापावीतच. माझी संपादक मंडळाला एक सूचना आहे. पुढील अंकात चार पाने अशा माजी विद्यार्थ्यांना द्यावीत, ज्यांची भरती, प्रवेश किंवा निवड थोडक्यात हुकली. त्यांनी उपदेश लिहू नये. रोज किती धावलो, काय खाल्ले, पैसे कोणी पुरवले, कोठे गुण कमी पडले आणि आता काय काम करतो, एवढेच लिहावे. पहिले पान कोणाचे असावे, तेही माझ्या मनात आहे. पण त्याची परवानगी अद्याप घ्यावयाची आहे.