परक्या शहरात गाणं कुणाला सुचतं?

'गाणं सुचत नाही? मग परदेशातल्या एखाद्या शहरात महिनाभर राहून ये.' गाणी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा सल्ला हमखास मिळतो. सोबत दाखला असतो डेव्हिड बोवीचा. 1976 साली तो पश्चिम बर्लिनला गेला, भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओत त्याने काम केलं आणि 1977 मध्ये 'हीरोज' आलं. तो राहायचा त्या घरावर आता पाटीही लागली आहे.

गाणं मोठंच आहे. पण दाखला अर्धा आहे.

1961 साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी माणसं मागवली. त्यांना नाव दिलं 'पाहुणे कामगार'. पाहुण्यालाच कामाला जुंपणारा हा कसला पाहुणचार! 1962 मध्ये गेलेल्यांत मेतिन तुर्कोझ होता. कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तो राबायचा आणि साझ या तंतुवाद्यावर गाणी रचायचा. मुकादम, घरची ओढ, धड न येणारी भाषा हे त्याचे विषय. तुर्की ओळीत तो जर्मन शब्द बेधडक घालायचा, कारण त्याचे श्रोते तसंच बोलत होते. पुढे 1984 मध्ये जेम काराजाने जर्मन भाषेत अल्बम काढला. तुर्कस्तानच्या सरकारने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. अल्बमचं नाव 'दी कानाकेन'. परक्यांना रस्त्यात घातली जाणारी शिवीच त्याने कपाळावर मिरवली.

बोवीच्या 'हीरोज' अल्बममध्येही तुर्की कामगारांची मोठी वस्ती असलेल्या नॉयकोल्नच्या नावाची एक रचना आहे. तिच्यात सॅक्सोफोन सुंदर आहे, शब्द एकही नाही. मी त्याला दोष देत नाही. त्या वस्तीचे शब्द तिथे राहणाऱ्यांकडेच होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शहर कुणाला प्रेरणा वाटत फिरत नाही. भाडं, रात्रपाळी, घरी पाठवायचे पैसे, न मिळालेली सुट्टी यांतून गाणं येतं. खिशात परतीचं तिकीट असलेल्याला शहराची हवा कळते, शहराची किंमत कळत नाही. वाटेगावहून मुंबईत आलेले अण्णाभाऊ साठे पोटासाठी आले होते. 'मुंबईची लावणी' त्या मुंबईने लिहवून घेतली.

रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम घरांतली माणसं कित्येक वर्षं आखातात जात आहेत. केरळच्या मापिळा मुसलमानांतल्या एस. ए. जमील यांनी 1970च्या दशकात 'दुबईचं पत्र' गाण्यात लिहिलं. बायकोने आखातातल्या नवऱ्याला लिहिलेलं ते पत्र. नवऱ्याचं उत्तरही त्यांनीच रचलं. दोन्ही गाणी घरोघर पोचली. आपल्या घरांतही तशीच पत्रं येत होती. ट्रंकेत पडून त्यांची शाई उडाली. त्यांतली किती मराठी गाण्यात आली? आणि आपण प्रेरणेसाठी पॅरिसचं तिकीट शोधतोय!

गीतकार मित्रांनो, जायचं तर खुशाल जा. पण त्याआधी शारजाहून सुट्टीवर आलेल्या भाच्याशेजारी एक संध्याकाळ बसा. तो काय सांगतो ते ऐका. अम्मीसमोर तो काय सांगायचं टाळतो, तेही ऐका. आणि तो स्वतःच गुणगुणू लागला, तर वही त्याच्या हातात द्या.